शिल्लक चाळीस टक्के, तरीही काळोख

सन २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागाने भारनियमनाचा जो दीर्घ अनुभव घेतला, त्यातून घराघरांत व कार्यालयांत एक समजूत घट्ट रुजली. वीज गेली की टेबलावरचा संगणक बंद पडतो, लॅपटॉप मात्र चालू राहतो, ही ती समजूत. अनेकांनी लॅपटॉप घेतला तो त्याच्या हलकेपणासाठी नव्हे, तर या एका आश्वासनासाठी. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. तरी विजेच्या तारेपासून दूर जाऊन काम करणाऱ्यांची संख्या वाढलीच आहे. बचत गटाच्या बैठकीत कागदपत्रे भरून घेणारा क्षेत्रीय अधिकारी, ग्राहकाच्या दुकानात बसून त्याचे विवरणपत्र तयार करणारा कर सल्लागार, परगावी वसतिगृहात ऑनलाइन परीक्षा देणारी विद्यार्थिनी, या सर्वांचे काम बॅटरीच्या भरवशावर चालते.

हा भरवसा ज्या दोषामुळे सर्वाधिक डळमळतो, तो मोठा चमत्कारिक आहे. चार्जर जोडलेला असताना लॅपटॉप दिवसभर निर्वेधपणे चालतो. चार्जर काढला की काही मिनिटांत, कधी काही क्षणांत, अचानक बंद पडतो. कोपऱ्यातील चित्र मात्र चाळीस-पन्नास टक्के बॅटरी शिल्लक असल्याचे सांगत असते. पुन्हा चार्जर जोडावा, तर यंत्र जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. अशा वेळी बहुतेक मंडळी दोनपैकी एक मार्ग धरतात. कोणी तडक नवी बॅटरी विकत आणतो, तर कोणी ओळखीच्या तंत्रज्ञाकडून संपूर्ण यंत्र फॉरमॅट करून घेतो. पहिल्या मार्गात पैसे वाया जाण्याचा संभव आहे, दुसऱ्यात पैशांबरोबर माहितीही. वास्तविक थोड्या निरीक्षणाने दोष कोठे आहे हे बऱ्याच अंशी घरच्या घरी ठरवता येते.

बंद कसा पडतो, हे आधी पाहावे

‘बंद पडला’ या एका शब्दप्रयोगाखाली किमान चार भिन्न घटना दडलेल्या असतात. घरातील दिव्याचे बटण दाबावे तसा पडदा एका क्षणात काळा होतो, पंखा थांबतो, कोणताही संदेश उमटत नाही, हा पहिला प्रकार. त्याचा अर्थ सरळ आहे : यंत्राला वीज पोहोचली नाही. दुसऱ्या प्रकारात निळा पडदा येतो, त्यावर काही मजकूर झळकतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. येथे वीज पोहोचतच होती. गडबड झाली ती प्रणालीत किंवा एखाद्या भागाला चालवणाऱ्या ‘ड्रायव्हर’ या आज्ञावलीत. पडदा आहे तसा गोठतो, माऊसही हलत नाही, हा तिसरा प्रकार बहुधा दुसऱ्याच कुळातला असतो. चौथ्या प्रकारात यंत्र रीतसर निरोप घेऊन झोपी जाते. त्याला बिघाड म्हणणेच चुकीचे. बॅटरी संपत आली असा त्याचा समज झालेला असतो आणि त्या समजुतीप्रमाणे ते शिस्तीने वागते.

प्रकाराइतकाच क्षणही महत्त्वाचा. चार्जरची पिन उपसताक्षणी काळोख होत असेल, तर बॅटरी मुळी वीज देतच नाही, किंवा चार्जरकडून बॅटरीकडे सूत्रे सोपवणारे मदरबोर्डावरील विद्युतमंडल नादुरुस्त आहे, असे समजावे. लॅपटॉप उचलताना अथवा तिरका होताना बंद पडत असेल, तर जोडणी सैल असण्याची शक्यता अधिक. पत्र टंकताना तासभर काही होत नाही, परंतु चलचित्र-बैठक सुरू करताच किंवा मोठी फाइल उघडताच काळोख होतो, असे असेल तर बोट बॅटरीच्या वृद्धत्वाकडे दाखवावे लागते. ही शेवटची तऱ्हा सर्वाधिक आढळते आणि सर्वाधिक बुचकळ्यात टाकते. म्हणून तिचा विचार थोडा सविस्तर करणे योग्य ठरेल.

तत्पूर्वी एक सूचना. विंडोज प्रणालीत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक रोजनिशी असते. यंत्र असे अवचित बंद पडले की तीत ‘कर्नल-पॉवर, क्रमांक ४१’ अशी नोंद होते. ‘पॉवर’ हा शब्द वाचून दोष विजेचाच, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो उतावळेपणा होय. मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती नोंद सांगते. ती परिणामाची नोंद आहे, कारणाची नव्हे. नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ या नावापुढे शून्य असेल, तर प्रणालीला चूक टिपून ठेवण्याचीही उसंत मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र पूर्ण गोठले. तेथे शून्याव्यतिरिक्त आकडा असेल, तर तो निळ्या पडद्याचा मामला असून शोध आज्ञावलींच्या दिशेने घ्यावयाचा आहे.

मालमत्ता आहे, तरलता नाही

लॅपटॉपची आजची बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ही बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली आणि तिच्या जडणघडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी ९७ वर्षांचे असलेले गुडइनफ हे नोबेल मिळवणारे सर्वांत वयोवृद्ध मानकरी ठरले. बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांच्या वाट्याला असे दीर्घायुष्य यावे, हा सुखद योगायोगच.

या बॅटरीतील एक घट पूर्ण भरलेला असताना सुमारे ४.२ व्होल्ट दाब देतो, मध्यावर ३.६ ते ३.७ व्होल्ट देतो आणि दाब ३ व्होल्टच्या आसपास आला की तो रिकामा झाला असे मानतात. अनेक लॅपटॉपमध्ये असे तीन घट एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांचा मध्यावरचा एकत्रित दाब सुमारे ११.१ व्होल्ट होतो. कोणत्याही घटाच्या पोटात विजेच्या प्रवाहाला थोडा अडथळा असतो, त्यास अंतर्गत रोध म्हणतात. बॅटरी नवी असताना तो अल्प असतो. वय वाढते तसा तो वाढत जातो, आणि थंडीतही तात्पुरता वाढतो. म्हणूनच मुंबईत बरी चालणारी बॅटरी शिमल्यास गेल्यावर दगा देऊ शकते.

आता थोडे गणित. समजा, भारी कामात लॅपटॉप ४५ वॅट वीज मागतो आणि बॅटरी अर्धी भरलेली आहे. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम धरला, तर प्रवाह सुमारे ४.३ अँपिअर होतो, दाब जेमतेम पाऊण व्होल्टहून कमी घसरतो आणि यंत्राला सुमारे १०.५ व्होल्ट मिळतात. काम विनातक्रार चालते. जुन्या बॅटरीचा रोध ०.५ ओहम झाला असेल, तर दाब अधिक घसरतो. यंत्राला मात्र ४५ वॅट हवेच असतात. म्हणून दाब घसरला की ते अधिक प्रवाह ओढते आणि अधिक प्रवाह ओढला की दाब आणखी घसरतो. हिशेब पूर्ण केला तर प्रवाह ५.३ अँपिअरवर आणि दाब ८.४ व्होल्टवर येतो. म्हणजे प्रत्येक घटास २.८ व्होल्ट. तीन व्होल्टची मर्यादा ओलांडली गेली. अशा वेळी बॅटरीतील संरक्षक मंडल घटांचा जीव वाचवण्यासाठी पुरवठा तोडू शकते, किंवा त्याआधीच लॅपटॉपचे अंतर्गत मंडल हात टेकते. पडदा काळा होतो तो असा. तीच जुनी बॅटरी केवळ पत्र लिहिण्याच्या कामी, म्हणजे १० वॅटच्या मागणीला, १०.६ व्होल्ट सहज देते! त्यामुळे ‘सकाळी तर नीट चालत होता’ हे ग्राहकाचे म्हणणे आणि ‘बॅटरी खराब आहे’ हे तंत्रज्ञाचे म्हणणे, दोन्ही एकाच वेळी खरी असतात.

बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही दिवाळखोरी नव्हे, तरलतेची चणचण आहे. ताळेबंदात मालमत्ता दिसते, ती खोटीही नसते. परंतु खिडकीवर एकाच वेळी मोठी मागणी आली की ती भागवण्याइतकी रोकड हाताशी नसते. टक्केवारीचे चित्र हे ताळेबंदासारखे आहे. बॅटरीत किती साठा आहे याचा तो अंदाज सांगते; तो साठा किती वेगाने बाहेर काढता येईल, हे त्याला सांगता येत नाही.

त्यात आणखी एक अडचण संभवते. तीन घट एकापुढे एक असल्याने तिघांनाही तोच प्रवाह वाहावा लागतो. त्यांतील एक जरी इतरांहून अशक्त झाला, तरी संरक्षक मंडल त्या एकाकडे पाहून सर्वांचाच पुरवठा थांबवते. संयुक्त दायित्व गटात एका सभासदाचा हप्ता थकला की उरलेल्या सज्जनांचेही नवे कर्ज अडते, त्यातलाच हा प्रकार.

हा दोष केवळ लॅपटॉपचा नाही, हे जगाला एका गाजलेल्या प्रकरणातून कळले. आयफोनचे काही नमुने बॅटरी पुरेशी दिसत असतानाही अचानक बंद पडत. अॅपल कंपनीने जानेवारी २०१७ मधील एका प्रणाली-सुधारणेद्वारे जुनी बॅटरी असलेल्या फोनचा कमाल वेग गुपचूप कमी केला, जेणेकरून विजेची शिखर-मागणीच उद्भवू नये. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीस हे मान्य करावे लागले. ग्राहकांचा रोष इतका अनावर झाला, की बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला आणि पुढे २०२० मध्ये अमेरिकेतील दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य करावी लागली. तांत्रिक दृष्ट्या कंपनीचा उपाय चुकीचा नव्हता. ग्राहकास न सांगता तो योजला, ही चूक. आणि ती ज्यांना महाग पडली नाही अशा संस्था विरळाच.

दोषी कोण, हे ठरवण्याच्या कसोट्या

अॅपलचा तोच उपाय कसोटी म्हणून घरी वापरता येतो. विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये बॅटरीवर चालताना प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभराऐवजी सत्तर टक्के करावी. काही नव्या यंत्रांत ही नोंद दिसत नाही. तेथे ‘बॅटरी सेव्हर’ अथवा सर्वाधिक काटकसरीची पद्धत निवडावी. पडद्याचा उजेडही कमी करावा. एवढ्याने काळोख होणे थांबले, तर बॅटरीला भार पेलवत नाही हे बव्हंशी सिद्ध झाले. शिवाय नवी बॅटरी येईपर्यंत काम निभावून नेण्याची सोयही आपसूक झाली.

दुसरी कसोटी कागदोपत्री आहे. विंडोजच्या आज्ञा-खिडकीत ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकली, की बॅटरीचा एक सविस्तर अहवाल तयार होतो आणि तो कोठे ठेवला आहे हेही पडद्यावर दिसते. त्यातील दोन आकडे पाहावेत : ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज पूर्ण भरल्यावर मावणारा साठा. पहिला आकडा ४८,००० मिलिवॅट-तास आणि दुसरा २७,००० असेल, तर बॅटरीत मूळच्या ५६ टक्के क्षमता उरली आहे. एक खरेदी-किंमत, दुसरे घसारा वजा जाता उरलेले मूल्य. मॅक संगणकात ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधील ‘पॉवर’ या सदरात किती आवर्तने झाली आणि बॅटरीची अवस्था कशी आहे, हे दिसते. येथे आवर्तन याचा अर्थ एकूण शंभर टक्के वापर; दोन दिवस निम्मी-निम्मी वापरली तर ते एकच आवर्तन.

मात्र या अहवालावर सर्वस्वी विसंबू नये. तो क्षमता सांगतो, अंतर्गत रोध सांगत नाही. पंचाहत्तर टक्के क्षमता दाखवणारी बॅटरीही भाराखाली कोसळू शकते. उलट, अहवालातील आकडाच चुकीचा असण्याचाही संभव असतो. बॅटरी महिनोन्‌महिने पूर्ण भरलेल्या अवस्थेत चार्जरवर राहिली, की आत-बाहेर होणाऱ्या विजेचा हिशेब ठेवणारे तिचे मंडल चुकू लागते, जसे महिनोन्‌महिने जुळवणी न केलेले खाते. चौथ्या प्रकारच्या, म्हणजे रीतसर झोपी जाणाऱ्या यंत्राला याचाच त्रास असतो. अशा वेळी बॅटरी पूर्ण भरून काही वेळ तशीच ठेवावी, मग यंत्र आपोआप बंद होईपर्यंत हलक्या कामात वापरावी व पुन्हा सलग पूर्ण भरावी. हिशेब पुष्कळदा ताळ्यावर येतो. हा उपाय हिशेब दुरुस्त करतो, बॅटरी नव्हे. सबब तो दर आठवड्याला करण्यात काही हशील नाही.

तिसरी कसोटी सर्वांत निर्णायक होय. प्रणालीला संपूर्णपणे बाजूस सारून यंत्र बॅटरीवर चालवून पाहावे. लॅपटॉप सुरू होताना उत्पादकाने ठरवलेली कळ दाबली, की बायोस ही मूलभूत मांडणीची पाटी उघडते. चार्जर काढून यंत्र त्या पाटीवर तसेच सोडून द्यावे. याहून चांगले म्हणजे पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली सुरू करून त्यात एखादे चलचित्र लावावे. तेथेही काळोख झाला, तर विंडोज निर्दोष सुटली आणि फॉरमॅट करण्याचा प्रश्नच उरला नाही. तेथे तासभर काही झाले नाही, विंडोजमध्ये मात्र निळा पडदा येतो, तर बॅटरी निर्दोष सुटली.

मग प्रश्न उरतो तो असा, की आज्ञावलींचा दोष केवळ बॅटरीवरच का प्रकटावा? याचे कारण, चार्जर काढताच लॅपटॉप वेगळ्या रीतीने वागू लागतो. बॅटरीवर चालताना प्रोसेसरने आपला वेग उतरवावा, ही युक्ती इंटेल कंपनीने २००० मध्ये ‘स्पीडस्टेप’ या नावाने लॅपटॉपमध्ये आणली. त्यानंतर काटकसरीचे हे धोरण यंत्राच्या बहुतेक भागांपर्यंत पोहोचले. वाय-फाय अधूनमधून डुलकी घेते, अंतर्गत जोडण्या रिकाम्या वेळी निजतात, दोन चित्रप्रोसेसर असतील तर बलवान तो विश्रांती घेतो आणि साधा कामास लागतो. यांपैकी एखाद्याचा ड्रायव्हर सदोष असेल, तर तो भाग झोपेतून जागा होताना अडखळतो आणि निळा पडदा येतो. ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत भागात ‘पीसीआय एक्स्प्रेस’, वाय-फाय आणि चित्रप्रोसेसर यांच्या नोंदी बॅटरीसाठीही चार्जरप्रमाणेच ठेवून पाहाव्यात. एका वेळी एकच बदल करावा. घाईने पाच बदल केले तर दोष जातो, परंतु कोणामुळे होता हे कळत नाही. गुन्हेगार सापडला, की त्याचा नवा ड्रायव्हर लॅपटॉप-उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा.

बायोसची नवी आवृत्ती घेण्याचा सल्लाही अशा वेळी दिला जातो आणि तो योग्य असतो. परंतु हे काम चालू असताना वीज तुटली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. म्हणून ज्या लॅपटॉपची बॅटरी संशयित आहे, त्यात हे काम चार्जर जोडून, आणि घरात इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर त्यावरच करावे. दुसरी दक्षता याहून दुर्लक्षित आहे. अनेक लॅपटॉपवरील माहिती ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असते आणि बायोस बदलल्यावर ते कुलूप ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागू शकते. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवावी. किल्ली नाही तर माहिती नाही. तेथे कोणत्याही तंत्रज्ञाची मात्रा चालत नाही.

काळोखात अडकलेले पैसे

बॅटरी बदलता येते. परंतु काळोख होण्याच्या क्षणी जे काम हातात होते त्याचे काय? विंडोजची फाइल-व्यवस्था अशा धक्क्यातून आपली घडी सावरण्यास समर्थ असते. ती फाइलींचा सांगाडा जपते, न साठवलेला मजकूर नव्हे. एक्सेल आणि वर्ड यांत आपोआप प्रत ठेवण्याचा काळ मुळात दहा मिनिटांचा असतो. दोष सापडेपर्यंत तो दोन मिनिटांवर आणावा.

खरी कसोटी लागते ती नेट बँकिंगचा व्यवहार अर्ध्यावर असताना. ‘कन्फर्म’ दाबले आणि पडदा काळा झाला. यंत्र पुन्हा सुरू होताच बहुतेकांचा हात तोच व्यवहार पुन्हा करण्याकडे वळतो. तसे कदापि करू नये. पैसे पाठवण्याचे काम ग्राहकाच्या लॅपटॉपमध्ये नव्हे, बँकेच्या संगणकात होत असते. आदेश तेथे पोहोचला असेल तर लॅपटॉप जिवंत आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. प्रथम मोबाइलवर आलेला संदेश पाहावा, नंतर खात्याचा ताजा उतारा पाहावा, आणि रक्कम वजा झाली असेल तर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार आयएमपीएसने, किंवा यूपीआयद्वारे एका व्यक्तीकडून दुसरीस, पाठवलेली रक्कम खात्यातून वजा झाली पण समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावयास हवी. त्याहून विलंब झाल्यास ग्राहकास दररोज १०० रुपये भरपाई देय असते. म्हणजे थांबणाऱ्याचे नुकसान होत नाही. घाईने दोनदा पाठवलेली रक्कम परत मिळवणे मात्र समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

लॅपटॉप दुरुस्तीस देतानाही खातेदाराने खातेदारासारखेच वागावे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाकावेत, माहितीची प्रत स्वतःकडे ठेवावी आणि बॅटरी तपासण्यासाठी नेट बँकिंगचा पासवर्ड लागत नाही, हे ध्यानात असू द्यावे. कार्यालयाने दिलेला लॅपटॉप असेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानाचा विचारही मनात न आणता तो माहिती तंत्रज्ञान विभागाकडे सोपवावा.

फुगलेली बॅटरी आणि नवी खरेदी

वर सांगितलेल्या सर्व कसोट्यांच्या आधी एक पाहणी करणे आवश्यक आहे. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवावा. तो डुगडुगतो का, टचपॅड वर उचलले गेले आहे का, झाकण पूर्वीसारखे मिटत नाही का? यांपैकी काही आढळले तर आतील बॅटरी फुगली आहे. तेथे कसोट्या संपल्या. यंत्र बंद करावे, चार्जर जोडू नये, फुगीर भाग दाबू नये, टोचू तर मुळीच नये. ही भीती अनाठायी नाही. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने आगीच्या धोक्यामुळे ४१ लाख लॅपटॉप-बॅटऱ्या परत मागवल्या आणि त्याच महिन्यात अॅपलने १८ लाख. दोन्हींतील घट सोनीचे होते. २०१९ मध्ये अॅपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही बॅटऱ्या परत मागवल्या, तेव्हा भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही असे लॅपटॉप विमानात न आणण्याचे आवाहन प्रवाशांना केले होते.

बॅटरीला म्हातारपण लवकर आणणाऱ्या गोष्टी दोन : उष्णता आणि सदैव शंभर टक्के भरलेली अवस्था. विदर्भातील उन्हाळ्यात रात्रंदिवस चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपला दोन्ही एकदम भोगाव्या लागतात. गमतीचा भाग असा, की बॅटरी कधीच वापरत नाही म्हणून ती नवीच असेल असे मानणाऱ्याची बॅटरी पुष्कळदा सर्वांत आधी थकते. अनेक उत्पादकांनी आता भरण्याची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय दिली आहे. टेबलावरच काम करणाऱ्यांनी ती अवश्य वापरावी.

नवी बॅटरी घेण्याचे ठरलेच, तर जुन्या बॅटरीवरील भाग-क्रमांक, व्होल्ट आणि वॅट-तास हे तीनही जुळवून पाहावेत. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि नोंदणी क्रमांक असावा लागतो. उत्पादनाची तारीखही पाहावी, कारण कपाटात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होतच असते. निम्म्या किमतीत दीडपट क्षमता देऊ करणाऱ्या दुकानदाराच्या औदार्याचा संशय घेणे हेच शहाणपणाचे. खर्च करण्यापूर्वी यंत्राच्या वयाचाही विचार व्हावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या लॅपटॉपवर पुढील प्रणाली चालूच शकत नाही, त्यात मूळ कंपनीची महागडी बॅटरी बसवणे हा बहुधा तोट्याचा व्यवहार. अशा यंत्राला टेबलावर चार्जरसह उर्वरित आयुष्य कंठू द्यावे. मात्र बॅटरी फुगलेली असेल, तर ती तंत्रज्ञाकडून काढून घेतल्यानंतरच.

काढलेली जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी देणे हे ग्राहकाचे आणि ती परत गोळा होण्याची व्यवस्था करणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे. अधिकृत सेवा केंद्राकडे किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे देण्यापूर्वी तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे पिशवीतील किल्ल्या किंवा नाणी लागून ती वाटेतच तापणार नाही.